पाकिटावरचं ‘सेफ’ आणि पाण्यातलं शिसं

‘शिसं कुठलंही लावा हो, पाकिटावर सेफ लिहिलेलं असतं.’ इंग्लंडातल्या कार्पच्या तळ्यांवर गळाच्या दोरीला लावायच्या शिशाच्या वजनाबद्दल हे वाक्य इतक्या तोंडांतून ऐकू येतं की ते आता कोणा एकाचं राहिलेलं नाही. लंडनच्या पश्चिमेला, स्लाउ-हाउन्स्लोकडे राहणारी आपली मंडळीही हल्ली सुट्टीच्या दिवशी गरवायला बसतात. तीही हेच म्हणतात. पाठोपाठ आणखी काही ठरलेली वाक्यं येतात. ‘सुटणारं शिसं लावलं की मासा पक्का लागत नाही.’ ‘गळाला उलटा काटाच नाही, मासा आपला आपण सोडवून घेईल.’ आणि जरा मुरलेल्यांचं: ‘मी तर दर वेळी शिसं पाडूनच टाकतो, म्हणजे प्रश्नच मिटला.’ यातली पहिली तीन चुकीची आहेत. चौथं अर्धं बरोबर आहे, आणि म्हणूनच जास्त घोटाळ्याचं.

मासा आपल्या ओळखीचाच आहे. उजनीच्या बाजारात ज्याला ‘सायप्रिनस’ म्हणतात तोच हा कार्प. भारतात तो पाहुणा: आरशासारख्या मोठ्या खवल्यांचा मिरर कार्प 1939 साली नीलगिरीत आणला गेला, बँकॉककडची जात 1957 साली. आपल्याकडे तो किलोवर विकला जातो, कालवणात जातो आणि विषय संपतो. इंग्लंडात मात्र तळ्याचा मालक मासा घरी नेऊ देत नाही. धरायचा, ओल्या गादीवर ठेवायचा, वजन करायचं, फोटो काढायचा आणि परत सोडायचा. त्यामुळे तोच मासा पुन्हा पुन्हा गळाला लागतो. पीटरबरोजवळच्या ब्लूबेल तलावातली ‘बेन्सन’ नावाची कार्प 2009 साली मेली तेव्हा तिचं वजन साधारण 64 पौंड, म्हणजे 29 किलो होतं आणि ती 60 हून जास्त वेळा धरली गेली होती. माणसं तिला नावाने ओळखत, तिच्या मरणाची बातमी वर्तमानपत्रांत आली.

इथे पुण्या-मुंबईचा वाचक विचारणारच: सोडायचाच तर धरता कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं समाधानकारक उत्तर गरवणाऱ्यांकडे आहे असा माझा दावा नाही. पण ज्याने धरून सोडायचं ठरवलं, त्याच्यावर एक गोष्ट आपोआप येते. जो मासा आपण धरलाच नाही, जो दोरी तोडून पळाला, त्याचं पुढे काय होतं याचीही जबाबदारी त्याचीच. गादी ओली ठेवणारा, माशाच्या ओठाला औषध लावणारा माणूस तुटलेल्या दोरीबद्दल ‘गेला तर गेला’ म्हणतो, तेव्हा त्याची सगळी काळजी फोटोपुरतीच होती असं म्हणावं लागतं.

आता मूळ मुद्दा. कार्पच्या तोंडात दात नसतात, ते घशात असतात. तो अन्न ओढून घेतो, चाचपतो, आवडलं नाही तर फुंकून टाकतो, आणि हे सगळं क्षणात होतं. रिचर्ड वॉकर या इंग्लिश गरवणाऱ्याने 13 सप्टेंबर 1952 रोजी रेडमायर तळ्यात 44 पौंडांचा कार्प धरला, तेव्हा त्याच्या गळावर पाव होता आणि दोरीवर शिसं नव्हतं. पण पुढे मासे शहाणे झाले. 1980 च्या आसपास लेनी मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स यांचा ‘हेअर रिग’ लोकांसमोर आला: आमिष गळावर न टोचता गळाच्या मागे बारीक धाग्यावर लटकवायचं. मासा आमिष ओढतो, मोकळा गळ त्यामागून आत जातो, फुंकताना ओठात टोचतो. त्याला जड शिशाची जोड मिळाली. टोचल्यासरशी मासा दचकून पळतो, शिशाचा भार ओढला जातो आणि गळ स्वतःच्या जोरावर रुततो. काठावरचा माणूस झोपलेला असला तरी चालतं, बाइट अलार्म त्याला उठवतो. या पद्धतीने कार्प धरणं सोपं झालं यात वादच नाही. पण तिने आणखी एक गोष्ट उलटी केली, आणि तिच्याकडे फारसं कोणी पाहत नाही.

जुन्या मासेमारीचा साधा नियम होता: गळाजवळची दोरी मुख्य दोरीपेक्षा कच्ची ठेवायची. काही अडकलंच तर गळाजवळ तुटेल, मासा फक्त गळ घेऊन जाईल. घरातल्या फ्यूजचं काम तेच, सर्वांत कच्ची जागा आपणच ठरवून ठेवायची. आजच्या कार्पवाल्याची मांडणी बघा. मुख्य तंगूस 15 पौंडांचा. गळाला जोडणारा हुकलिंक 25 पौंडांचा. मधे लीडकोअरचा, म्हणजे पोटात शिशाची तार असलेल्या दोरीचा, लीडर असेल तर तो 45 पौंडांचा. म्हणजे ताण आला की तुटणार तो मुख्य तंगूस, आणि तोही वर कुठेतरी, खडीच्या उंचवट्यावर किंवा शिंपल्यांच्या धारेवर घासून. लंडनच्या पश्चिमेकडच्या कोल्न खोऱ्यातली बहुतेक तळी म्हणजे जुन्या खडीच्या खाणी. तळाला शिंपले आणि पाणगवत दोन्ही भरपूर. तिथे दोरी तुटणं हा काही अपघात नव्हे, हंगामातला नेहमीचा प्रकार. तुटली की गळ, हुकलिंक, लीडर, शिसं आणि वर राहिलेली दोरी हे सगळं लटांबर माशाच्या मागे जातं.

यावर एक जण म्हणतो, ‘20 पौंडांच्या माशाला 3 औंसांचं काय ओझं?’ मोकळ्या पाण्यात खरंच काही नाही, तो दिवसभर ओढत फिरेल. पण तळं मोकळं नसतं. शिसं गवताच्या जुडग्यात किंवा बुडालेल्या फांदीच्या बेचक्यात अडकलं की मासा खुंटीला बांधला गेला. मग एकच प्रश्न उरतो: त्या क्षणी माशाच्या ओढीने शिसं सुटेल का? बाकी सगळे प्रश्न यानंतरचे.

‘सेफ’ हा पाकिटावरचा शब्द इथे तोकडा पडतो. त्या शब्दामागे कुठला सरकारी शिक्का नाही. एन्व्हायर्न्मेंट एजन्सीचा गरवण्याचा परवाना 13 वर्षांपुढच्या प्रत्येकाला लागतो. तो रॉड किती लावणार ते विचारतो, दोरी तुटल्यावर काय होणार ते विचारत नाही. पाकिटात एक सुटा भाग असतो. सुरक्षित ठरते किंवा ठरत नाही ती जोडणी, आणि ती करणार तुम्ही.

लीड क्लिपच घ्या, कारण सर्वांत जास्त खप तिचाच. प्लास्टिकची निमुळती नळी, तिला एक छोटा हात. शिशाची कडी त्या हातात अडकवायची. नळीच्या मागच्या भागावर कंगोरे असतात, त्यांवर टेल रबर चढतं आणि हाताचं टोक झाकून टाकतं. पुढच्या बाजूला स्विव्हल, म्हणजे फिरती कडी, आत बसतो आणि बऱ्याच क्लिपांमध्ये एक बारीक पिन आडवी घालून तो जखडायचा असतो. शिसं अडकलं आणि मासा पुढे ओढू लागला की कडी हातावरून मागे सरकते, रबराला ढकलून उतरवते आणि शिसं गळून पडतं. कल्पना झकास आहे. पण रबर शेवटच्या कंगोऱ्यापर्यंत दाबून बसवलं की कडी कितीही ढकलो, ते हलत नाही. आणि दाबून बसवायचा मोह प्रत्येकाला होतो, कारण पाण्यावर आपटताना एखादं शिसं निखळलं की पैसे गेल्याचं दुःख ताजं असतं. थुंकी लावून रबर चढवलं तर ते सहज शेवटपर्यंत जातं. जानेवारीच्या पाण्यात तेच रबर कडक होऊन बसतं. मग पिन. स्विव्हल चुकीच्या मापाचा असला, किंवा पिन ‘कशाला ती भानगड’ म्हणून पाकिटातच राहिली, तर पहिल्या ओढीला स्विव्हल क्लिपमधून बाहेर येतो. आता रबरावर जोर पडतच नाही. दोरी क्लिपमधून सरकत राहते, शिसं गवतात तसंच बसलेलं, मासा पुढे, आणि तुम्ही काठावरून माशाऐवजी गवताशी झुंजता. तिसरी गोष्ट तर कोणी पाहतच नाही. शिशावर हिरवा-तपकिरी लेप असतो, तो कधी कधी कडीच्या आतही साचतो आणि जाड झालेली कडी हातावर अडते. नखाने खरवडून काढला की काम झालं.

याची परीक्षा कशी घ्यायची, तर बहुतेक जण उलटी घेतात. शिसं एका हातात धरतात, दुसऱ्या हाताने रॉडकडची दोरी ओढतात आणि शिसं हललं नाही की ‘बघा, किती मजबूत’ म्हणून समाधानाने फेकतात. रॉडच्या बाजूने ओढलं की कडी हाताच्या मुळाशी रेटली जाते, तिथून ती सुटणं शक्यच नाही. ओढायचं गळाच्या बाजूने, जिथून मासा ओढणार आहे तिथून. शिसं मुठीत घट्ट धरा, गळ बोटात जाऊ नये म्हणून हुकलिंक काढून ठेवा, स्विव्हलला एखादी जाड कडी अडकवून ओढा. आणि हे घरच्या उबेत टेबलावर नव्हे, काठावर, तळ्याच्या पाण्यात मिनिटभर बुडवून. सुटलं नाही तर रबर एक कंगोरा मागे. दोन मिनिटांचं काम आहे. तंबू, पलंग, स्टोव्ह, तीन रॉड, दोन गाद्या एवढं सगळं ढकलगाडीवर लादून आणणाऱ्याला दोन मिनिटं नाहीत हे मला पटत नाही.

दुसरा आक्षेप परिणामकारकतेचा, आणि तो मांडणारे स्वतःला व्यवहारी समजतात. त्यांचं म्हणणं, शिसं सुटणारं ठेवलं तर धक्का कमी बसतो आणि गळ रुतत नाही. मासे धरायचे तर शिसं पक्कं हवं. व्यवहारी माणसाने हिशोब करावा. 3 औंस म्हणजे 85 ग्रॅम. शिशाची घनता पाण्याच्या 11.3 पट, म्हणजे पाण्याखाली ते शिसं साधारण 77 ग्रॅमच भरतं. तळावरून उचलायला माशाला तेवढा जोर लागतो, झटक्याने पळाला तर जडत्वामुळे आणखी काही. गळ रुतवणारा धक्का तो हाच. आता नीट बसवलेली क्लिप हाताने सोडवून बघा. तिला याच्या कितीतरी पट जोर लागतो, नाहीतर पाण्यावर आपटतानाच शिसं उडालं असतं. म्हणजे धक्का बसतो तेव्हा शिसं पूर्णपणे जागेवर असतं. सुटायची वेळ येते ती पुढे, शिसं कशात तरी रुतल्यावर. या दोन घटनांमध्ये जोराचंही अंतर आहे आणि वेळेचंही. सुरक्षिततेसाठी मासे गमवावे लागतात ही तक्रार त्यामुळे उभीच राहत नाही. मोकळ्या पाण्यात रबर दाबून बसवल्याने धक्क्यात काडीचाही फरक पडत नाही. फरक पडतो तो फक्त अडकलेल्या माशाला.

उलट्या काट्याशिवायच्या गळाचं तर थोडक्यात आटोपतं. असा गळ सुटतो तो दोरी ढिली पडली की. बांधलेला मासा दोरी ढिली पडू देत नाही, तो ओढत राहतो आणि ओढ असेपर्यंत गळ जागचा हलत नाही. मासा थकून थांबला तर सुटेलही, पण ‘थकून थांबला तर’ ही कसली हमी? काटा नसलेला गळ जरूर वापरावा, ओठ कमी फाटतो. पण शिशाच्या बेपर्वाईवरचा तो उतारा नव्हे.

हेलिकॉप्टर रिगबद्दल मात्र जरा सविस्तर बोलायला हवं, कारण त्यातली चूक हातात घेऊनही दिसत नाही. यात शिसं सर्वांत टोकाला असतं आणि हुकलिंक त्याच्या वर, लीडरवर दोन मण्यांच्या मधे गरगर फिरतो. फेकताना शिसं पुढे, हुकलिंक मागे फिरत जातो, गुंता होत नाही. म्हणून लांब फेकणाऱ्यांचा हा लाडका. तळ चिखलाचा असेल तर वरचा मणी आणखी वर सरकवून ठेवायचा. शिसं गाळात रुतलं तरी हुकलिंक वर घसरतो आणि आमिष गाळाच्या वर राहतं. चिखलाच्या तळ्यात याच्यासारखी दुसरी जोडणी नाही, हे मी बिनदिक्कत म्हणेन.

पण इथे शिसं लीडरच्या टोकाला बांधलेलं असतं, ते सहसा सुटत नाही. मग मासा सुटणार कसा? हुकलिंकच लीडरवरून वर सरकत जाऊन तुटक्या टोकाने बाहेर पडला पाहिजे. वाटेत काय काय आहे ते बोटाने चाचपा. पहिला अडथळा वरचा मणी. तो इतका घट्ट नको की ओढीला सरकणारच नाही. दुसरा, लीडर आणि तंगूस यांचा जोड. पुष्कळ लोक लीडरच्या वरच्या टोकाला जाड फासा ठेवतात किंवा स्विव्हल बांधतात. मणी तिथवर येऊन थांबतो, हुकलिंकची कडी त्याच्याखाली अडते आणि झालं: मासा, लीडर, शिसं एका माळेत. अशा लीडरच्या पाकिटावरही ‘सेफ’ असू शकतं, आणि ते खोटंही नसतं. मणी खरोखर सरकतो, फक्त पुढे रस्ता बंद असतो. अनेक तळ्यांवर लीडकोअरवर, काही ठिकाणी सगळ्याच लीडरवर बंदी आहे. तिला वैतागणारे म्हणतात मालक अतिरेक करतो. मालकाला दर रिगची गाठ तपासत बसायला वेळ नसतो. तो सरसकट बंदी घालतो, कारण चार जणांनी गाठ नीट घातली आणि पाचव्याने घातली नाही तरी मासा मालकाचाच जातो.

लीडरच्या जागी मऊ नळी वापरली, किंवा काहीच न वापरता नुसता तंगूस ठेवला, तर अर्धी काळजी जाते. लीडर हवाच असेल तर जोड एवढा बारीक हवा की मणी त्यावरून निघून जाईल. हेही हातानेच बघायचं. मणी धरून वर ओढा, जोडावरून पार होतो का? होत नसेल तर पुढचं काही ऐकायची गरज नाही.

इनलाइन शिशाबद्दल फार वेळ घालवत नाही. शिशाच्या पोटातूनच दोरी जाते, स्विव्हल शिशाच्या तोंडात खोचलेला असतो, त्यामुळे धक्का थेट बसतो आणि स्वच्छ खडीच्या तळावर ही मांडणी उत्तम. स्विव्हल खोचायचा, ठोकायचा नाही. माशाच्या ओढीने तो निघाला पाहिजे आणि मग शिसं दोरीवरून मागे सरकून तुटक्या टोकाने निघून गेलं पाहिजे. इथेही मागे लीडरची गाठ असेल तर तेच रडगाणं.

सरकत्या शिशाचं नाव काढलं की तरुण कार्पवाले हसतात. ‘आजोबांचा रिग.’ आजोबांना हसण्यापूर्वी एवढं बघावं की अर्लेसी बॉम्ब नावाचं जे नासपतीच्या आकाराचं, डोक्याला स्विव्हल असलेलं शिसं आजही दुकानात मिळतं, ते याच वॉकरने 1950 च्या दशकात अर्लेसी तळ्यातल्या पर्च माशांसाठी बनवलं होतं. त्या स्विव्हलमधून दोरी मोकळी सरकते. मांडणी अशी असते की दोरी तुटली तर शिसं तुटक्या टोकाने घसरून जातं. सोडवण्यासाठी काही उघडावं लागत नाही, उतरावं लागत नाही, म्हणून बिघडायलाही फार थोडं उरतं. आणि परिणाम? पुन्हा पुन्हा धरल्या गेलेल्या कार्पला पक्क्या शिशाचा वापर करता येतो. डोकं झटकलं की शिशाच्या वजनानेच गळ उखडतो. सरकत्या शिशावर झटकायला काही मिळत नाही, दोरी सरकत जाते. शिवाय आमिष उचलल्याची खबर अलार्मला लवकर लागते. धक्काच हवा असेल तर शिशाच्या मागे थोड्या अंतरावर ओढीला सरकणारा रबरी अडथळा ठेवता येतो: मासा तेवढं अंतर मोकळा जातो, मग अडतो, मग दचकतो. दाट गवतात मी सरकतं शिसं लावणार नाही, तिथे शिसं पूर्ण गळून पडलेलं बरं. पण कालव्यात, नदीच्या संथ कोंडीत, मोकळ्या तळ्यात ज्याने ते कधी लावूनच पाहिलं नाही त्याने त्याला जुनाट म्हणू नये.

उरलं ते चौथं वाक्य. शिसं मुद्दाम पाडणं. यामागचं कारण खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. गवताळ तळ्यात शिसं गळालं की मासा वर येतो, पृष्ठभागावर लढतो, गवतात घुसत नाही, आणि दोरी तुटण्याची वेळच कमी येते. जिथे गवत दाट आहे तिथे रबर सैल ठेवून शिसं पडू द्यावं. पण एकदा हे गवताळ तळ्यावर शिकलं की लोक स्वच्छ खडीवरही तेच करतात, रबर पूर्ण काढून टाकतात, शिसं नुसत्या पातळ धाग्याने बांधतात. मासा लागला की पडलं. मासा न लागताही पडलं. दर वेळी 85 ग्रॅम शिसं तळाला. हौशी माणूस एका मोसमात किती टाकतो याचा हिशोब त्याने स्वतःच्या दुकानाच्या पावत्यांवरून करावा. दुकानदाराची काही तक्रार नसणार.

‘कायदा आड येत नाही,’ असं यावर ऐकवलं जातं. कायद्याची गोष्ट नीट बघू. इंग्लंडात हंस शिशाच्या विषबाधेने मरू लागले होते. हंस अन्न दळायला पोटात वाळूचे खडे घेतो, त्या खड्यांबरोबर गरवणाऱ्यांनी टाकलेले शिशाचे बारीक मणी गिळत होता. म्हणून 1 जानेवारी 1987 पासून 0.06 ग्रॅम ते 28.35 ग्रॅम, म्हणजे एक औंसापर्यंतच्या शिशाच्या वजनांची विक्री बंद झाली. त्यानंतर हंसांची संख्या सावरली. कार्पवाल्याचं 3 औंसांचं शिसं या बंदीतून सुटलं ते केवळ हंस एवढा मोठा खडा गिळत नाही म्हणून. शिसं तळाला पडल्यावर निरुपद्रवी होतं असं त्या नियमांत कुठेही म्हटलेलं नाही. डेन्मार्कने 2002 मध्ये गरवण्याच्या शिशावर बंदी आणली, आणि युरोपीय रसायन संस्थेने 2021 मध्ये संपूर्ण युरोपीय संघासाठी निर्बंध सुचवले. ब्रिटन आता त्या संघात नाही, पण पाणी तेच, शिसंही तेच.

तेव्हा शिसं पडलं पाहिजे ते अडकल्यावर. न अडकता नाही. ज्यांना दर वेळी पाडायचंच आहे त्यांच्यासाठी दगड आहे. छिद्र पाडून कडी बसवलेले गोटे दुकानात मिळतात, घरीही बनवता येतात. इथे उलट बाजूचं म्हणणं मी पूर्ण मान्य करतो की दगड शिशासारखा नाही. त्याची घनता 2.6 च्या आसपास, त्यामुळे तेवढ्याच वजनाला चौपटीहून जास्त आकार, वाऱ्यात लांब जात नाही, आणि 85 ग्रॅमचा गोटा पाण्याखाली जेमतेम 52 ग्रॅम भरतो. शिशाइतकाच धक्का हवा तर गोटा साधारण 125 ग्रॅमचा घ्यावा लागतो, आणि रॉडही तेवढं फेकणारा हवा. पण गवताच्या कडेला, काठापासून 30-40 यार्डांवर आमिष टाकणाऱ्याला यातली कुठलीच अडचण येत नाही, आणि शिसं पाडण्याची खरी गरज नेमकी तिथेच असते. 120 यार्ड फेकणाऱ्याने शिसंच वापरावं, हेलिकॉप्टर लावावा, मणी जोडावरून पार होतो का ते बघावं. आणि तळ्याचा राखणदार सकाळी फिरत येऊन ‘जरा रिग दाखवा’ म्हणाला तर त्याच्याकडे त्रासिक नजरेने न बघता रॉड उचलून द्यावा. तो हुकलिंक धरून गळाच्याच बाजूने ओढून पाहणार आहे.